महाविद्यालयीन खेळ आणि ग्राफिक डिझाइन : एका वेगळ्या व्यवसायाची ओळख

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या घराघरांतून एकच प्रश्न विचारला जातो, "पुढे काय?" आणि त्याची उत्तरेही ठरलेली असतात. डॉक्टर, इंजिनियर, नाहीतर स्पर्धा परीक्षा. या वाटा चांगल्याच आहेत. त्या वाटांनी जाऊनच आपल्यातील अनेक कुटुंबे स्वतःच्या पायावर उभी राहिली. परंतु ज्या मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानांवर गणितापेक्षा चित्रेच अधिक असतात, जी मुलगी शाळेच्या फलकावर रोजचा सुविचार इतक्या सुंदर अक्षरांत लिहिते की शिक्षकही थांबून पाहतात, त्यांचे काय? बँकेच्या नोकरीमुळे शैक्षणिक कर्जाचे अर्ज माझ्या नजरेखालून जातात. त्यांत कलाशिक्षणासाठी आलेला अर्ज क्वचितच दिसतो. चित्रकला हा फावल्या वेळचा छंद, त्यावर पोट भरत नाही, हा समज आपल्याकडे अजून घट्ट आहे.

हा समज कितपत खरा आहे हे तपासण्यासाठी या लेखात एका अगदी वेगळ्या व्यवसायाची माहिती देत आहे. तो म्हणजे महाविद्यालयांच्या क्रीडासंघांसाठी ग्राफिक डिझाइन करण्याचा व्यवसाय. हा व्यवसाय मुख्यतः अमेरिकेत वाढला. तो तेथेच का वाढला, त्यात नेमके काम काय असते, त्याची चांगली व वाईट बाजू कोणती आणि त्यापासून आपल्या मुलामुलींनी काय घ्यावे, हे क्रमाने पाहू.

तेथील महाविद्यालयीन खेळांचा पसारा

आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामना म्हटला की मैदानाच्या कडेला उभे असलेले पन्नास-शंभर विद्यार्थी डोळ्यांसमोर येतात. अमेरिकेतील चित्र निराळे आहे. मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानाची आसनक्षमता १,०७,६०१ आहे. आपले वानखेडे स्टेडियम सुमारे ३३ हजारांचे, म्हणजे अशी तीन वानखेडे एकत्र केली तरी ते भरणार नाही. (तेथील फुटबॉल म्हणजे हाताने चेंडू घेऊन धावण्याचा अमेरिकन फुटबॉल, हे लक्षात असू द्यावे.) या सर्व खेळांचे नियमन करणारी 'एनसीएए' ही संस्था १९०६ साली स्थापन झाली. तिची सुमारे १,१०० महाविद्यालये व विद्यापीठे सभासद असून ती तीन श्रेणींत विभागली आहेत. सर्व मिळून पाच लाखांहून अधिक विद्यार्थी खेळाडू त्यांत खेळतात. 'बिग टेन' नावाच्या विद्यापीठांच्या एकाच गटाने २०२२ साली दूरचित्रवाणी कंपन्यांशी जो सात वर्षांचा करार केला, तो सात अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा होता.

आपल्या वाचकांना जवळचे असे एक उदाहरण देतो. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्या विद्यापीठाच्या खेळाडूंचे चिन्ह सिंह असून ते १९१० साली, म्हणजे बाबासाहेब तेथे पोहोचण्याच्या तीनच वर्षे आधी, स्वीकारले गेले. त्या विद्यापीठाचे रंग फिकट निळा आणि पांढरा. शंभराहून अधिक वर्षे लोटली, पण तोच सिंह आणि तेच रंग आजही तेथील खेळाडूंच्या कपड्यांवर आहेत. संस्था, तिचे चिन्ह आणि तिचा रंग यांचे नाते तेथे किती जुने आहे, हे यावरून कळते.

जेथे एवढे प्रेक्षक, एवढा पैसा आणि एवढा जिव्हाळा, तेथे प्रसिद्धी आलीच. पूर्वी ही प्रसिद्धी छापील वेळापत्रके, तिकिटे व माहितीपुस्तिका यांपुरती होती. समाजमाध्यमे आली आणि प्रत्येक संघाला रोज, किंबहुना तासातासाला, नवे चित्र लागू लागले. म्हणून मोठ्या विद्यापीठांच्या क्रीडा विभागांत स्वतंत्र सर्जनशील विभाग उभे राहिले. त्यांत डिझायनर, छायाचित्रकार आणि चित्रफीत तयार करणारे असे पगारी लोक काम करतात.

डिझायनर दिवसभर काय करतो?

या कामाचे स्थूलमानाने पाच भाग पडतात.

पहिला भाग सामन्याच्या प्रसिद्धीचा. सामन्याच्या आधी भित्तिचित्र, सामना चालू असताना गुणसंख्येची चित्रे आणि सामना संपताच निकालाचे चित्र. शेवटचे चित्र तर शिट्टी वाजल्यावर काही मिनिटांत प्रसिद्ध व्हावे लागते. म्हणून डिझायनर आधीच दोन साचे करून ठेवतो, एक विजयाचा व एक पराभवाचा. आकडे आणि छायाचित्र तेवढे शेवटी बसवायचे.

दुसरा भाग नव्या खेळाडूंना आकर्षित करण्याचा. शाळेत शिकणाऱ्या चांगल्या खेळाडूला अनेक विद्यापीठे बोलावत असतात. त्या मुलाने आमचा गणवेश घातला तर तो कसा दिसेल, असे चित्र त्याला पाठविले जाते. सतरा वर्षांच्या मुलाच्या मनावर त्याचा परिणाम होतो, हे प्रशिक्षकांना ठाऊक असते. त्यामुळे अनेक प्रशिक्षक डिझायनरला आपल्या चमूचाच माणूस समजतात.

तिसरा भाग मैदानातील मोठ्या पडद्याचा व भिंतींचा. पडद्यावरील हलती चित्रे, खेळाडूंच्या खोलीतील भिंतभर छायाचित्रे, माजी विजेत्यांच्या नावांचे फलक ही कामे यात मोडतात.

चौथा भाग छपाईचा. तिकिटे, फलक, सदरे, स्मरणिका वगैरे.

पाचवा भाग शिस्तीचा, म्हणजे संस्थेचे चिन्ह व रंग सर्वत्र सारखे ठेवण्याचा. टेक्सास विद्यापीठ व टेनेसी विद्यापीठ या दोघांचाही रंग नारिंगी. पण रंगांच्या पँटोन क्रमवारीत टेक्सासचा गडद नारिंगी १५९ क्रमांकाचा, तर टेनेसीचा उजळ नारिंगी १५१ क्रमांकाचा. एकाच्या सदऱ्यावर दुसऱ्याचा नारिंगी छापला गेला तर तेथील माजी विद्यार्थी तो चालवून घेणार नाहीत. नुसते 'नारिंगी' म्हणून भागत नाही, क्रमांक सांगावा लागतो.

येथे एक तांत्रिक गोष्ट समजून घेतली पाहिजे. संगणकावरील चित्र दोन प्रकारचे असते. एक ठिपक्यांचे. छायाचित्र या प्रकारात येते. ते फार मोठे केले की ठिपके दिसू लागतात आणि चित्र फाटल्यासारखे दिसते. दुसरे रेषांचे, ज्याला व्हेक्टर म्हणतात. यात संगणक ठिपके साठवीत नाही, रेषेचे गणित साठवितो. म्हणून तेच चिन्ह पोस्टाच्या तिकिटाएवढे करा किंवा इमारतीएवढे, त्याची कड तितकीच स्वच्छ राहते. आपल्याकडे जयंतीच्या फ्लेक्सवर पुष्कळदा संस्थेचे चिन्ह अंधूक दिसते, त्याचे कारण बहुधा हेच. कोणीतरी मोबाइलवर आलेले लहान चित्र दहा फूट केलेले असते. संस्थेचे चिन्ह एकदाच व्हेक्टरमध्ये करून जपून ठेवले तर हा दोष राहत नाही. ठिपक्यांच्या कामासाठी फोटोशॉप, रेषांसाठी इलस्ट्रेटर, पानांच्या मांडणीसाठी इनडिझाइन आणि हलत्या चित्रांसाठी आफ्टर इफेक्ट्स ही साधने या व्यवसायात सर्रास वापरली जातात.

चिन्हांमागची माणसे

बोधचिन्ह म्हणजे मोठ्या कंपनीने लाखो रुपये मोजून करून घेतलेली वस्तू असे आपल्याला वाटते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. मायामी विद्यापीठाचे नारिंगी-हिरवे 'यू' हे अक्षर आज अमेरिकेतील लहान मूलही ओळखते. ते १९७३ साली बिल बोडेनहॅमर या स्थानिक चित्रकाराने तयार केले. कॅन्सस स्टेट विद्यापीठाचा फुटबॉल संघ सतत हरत असे. १९८९ साली आलेले नवे प्रशिक्षक बिल स्नायडर यांना संघाचे रूप बदलायचे होते. त्यांच्यासाठी नवे चिन्ह काढले ते त्याच विद्यापीठातील कलेचे प्राध्यापक टॉम बुकवॉल्टर यांनी. रानमांजराचे ते चिन्ह आजही वापरात आहे. पुढे संघही जिंकू लागला. चिन्हामुळे सामने जिंकता येत नाहीत हे खरे, पण मरगळलेल्या संघाला आपण नव्याने सुरुवात करीत आहोत असे वाटण्यास ते उपयोगी पडते.

तिसरी हकीकत विद्यार्थ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावी. कॅरोलिन डेव्हिडसन ही पोर्टलंड स्टेट विद्यापीठात डिझाइनचे शिक्षण घेणारी मुलगी. त्याच विद्यापीठात फिल नाइट नावाचे गृहस्थ हिशेबशास्त्र शिकवीत आणि जोडीला बुटांचा लहानसा धंदा करीत. त्यांनी तिला काही किरकोळ कामे दिली आणि १९७१ साली बुटांसाठी चिन्ह काढावयास सांगितले. त्या कामाचे तिला ३५ डॉलर मिळाले. ते चिन्ह म्हणजे आज जगभर बुटांवर व सदऱ्यांवर दिसणारी नायकी कंपनीची वळणदार रेघ. १९८३ साली कंपनीने तिला बोलावून एक अंगठी व कंपनीचे काही समभाग भेट दिले. ही हकीकत दोन गोष्टी शिकविते. विद्यार्थिदशेत केलेले लहान कामही मोठे ठरू शकते, ही एक. आणि आपल्या कामाचे मोल व त्यावरील हक्क आधी कागदावर ठरवून घ्यावेत, ही दुसरी. कारण बारा वर्षांनी बोलावून समभाग देणारे मालक सर्वांनाच भेटतात असे नाही.

चिन्ह आणि माणसाचा सन्मान

या व्यवसायाचा सर्वांत विचार करण्याजोगा भाग हा आहे. अमेरिकेतील कित्येक महाविद्यालयांनी तेथील मूळनिवासी जमातींची नावे आणि त्यांच्या चेहऱ्यांची चित्रे आपल्या संघांची चिन्हे म्हणून वापरली होती. ज्यांची जमीन गेली, ज्यांची माणसे मारली गेली, त्यांचेच पिसांचा मुकुट घातलेले रूप सामन्याच्या मध्यंतरात करमणुकीसाठी नाचविले जाई. इलिनॉय विद्यापीठात अशी 'चीफ इलिनिवेक' नावाची प्रथा होती. शार्लीन टेटर्स ही स्पोकेन जमातीतील स्त्री त्या विद्यापीठात कलेचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. आपल्या मुलांसह सामना पाहावयास गेली असता तिने तो नाच पाहिला आणि १९८९ साली ती हातात फलक घेऊन मैदानाबाहेर एकटी उभी राहिली. लोकांनी तिची चेष्टा केली, तिला शिव्याही दिल्या. पण ती हटली नाही. हळूहळू तिच्या बाजूने लोक उभे राहत गेले. तिच्या लढ्यावर १९९७ साली एक माहितीपटही निघाला.

२००५ साली एनसीएएने नियम केला की, मूळनिवासींचा अवमान करणारी चिन्हे व नावे आपल्या अजिंक्यपद स्पर्धांत चालणार नाहीत. १ फेब्रुवारी २००६ पासून तो अमलात आला. इलिनॉय विद्यापीठातील तो नाच २००७ साली बंद झाला. नॉर्थ डकोटा विद्यापीठाने बराच वाद होऊन २०१२ साली 'फायटिंग सू' हे जमातीवरून घेतलेले नाव सोडले आणि २०१५ साली 'फायटिंग हॉक्स' हे ससाण्याचे नाव घेतले. दुसरीकडे फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचे 'सेमिनोल' हे नाव मात्र कायम राहिले, कारण फ्लोरिडाच्या सेमिनोल जमातीने त्याला संमती दिली होती. सारांश, ज्यांचे नाव आणि रूप वापरायचे त्यांना विचारले होते काय, हा कळीचा प्रश्न ठरला. दुसऱ्यांनी आपले चित्र कसे रंगविले, याचा अनुभव ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्याला या प्रश्नाचे मर्म वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. जी व्यक्ती एकटी उभी राहिली ती कलेची विद्यार्थिनी होती, हेही ध्यानात घ्यावे. चित्राची ताकद चित्रकाराला आधी कळते.

समतेचा दुसरा प्रश्न स्त्रियांचा. १९७२ साली अमेरिकेत 'टायटल नाइन' या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. त्यानुसार सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला स्त्री-पुरुष भेद करता येत नाही. खेळांबाबत त्याचे जे नियम आहेत, त्यांत मैदान व प्रशिक्षक यांच्याबरोबर प्रसिद्धीचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे पुरुषसंघाचे भित्तिचित्र झकास आणि स्त्रियांच्या संघाचे कसेबसे, हा नुसता आळस नसून कायद्याच्या कक्षेत येणारी बाब आहे. असे असूनही एनसीएएच्या बास्केटबॉल अजिंक्यपदाचे 'मार्च मॅडनेस' हे प्रसिद्ध नाव व चिन्ह कित्येक वर्षे फक्त पुरुषांच्या स्पर्धेसाठी वापरले जाई. २०२१ साली सेडोना प्रिन्स या खेळाडूने स्त्रियांच्या व्यायामसाहित्याची तुटपुंजी व्यवस्था चित्रफितीद्वारे जगासमोर आणली, त्यावर गदारोळ झाला, चौकशी झाली आणि २०२२ पासून स्त्रियांच्या स्पर्धेलाही तेच नाव व चिन्ह मिळाले. पुढे २०२४ साली स्त्रियांचा अंतिम सामना दूरचित्रवाणीवर पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त लोकांनी पाहिला. संधी व प्रसिद्धी समान मिळाली की काय घडते, याचे हे बोलके उदाहरण होय.

व्यवसायाची दुसरी बाजू

आता कष्टांविषयी. सामने शनिवारी आणि रात्री होतात, म्हणून डिझायनरला शनिवार-रविवार नाही. फुटबॉलचा हंगाम संपण्याआधीच नोव्हेंबरमध्ये बास्केटबॉल सुरू होते आणि ते एप्रिलपर्यंत चालते. लहान महाविद्यालयात एकच माणूस पंधरा-वीस संघांचे काम पाहतो. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. बहुतेक जण विद्यार्थी असताना तासांवर काम करून सुरुवात करतात. नंतर शिकाऊ डिझायनर, मग पूर्णवेळ डिझायनर आणि काहीजण सर्जनशील विभागाचे प्रमुख होतात. प्रमुखाच्या जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ.

शिवाय काळ बदलत आहे. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाचा व छायाचित्राचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे २०२५-२६ या वर्षात खेळाडूंना सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट देऊ शकतात. खेळाडूंच्या दृष्टीने हे न्याय्यच झाले. पण त्यामुळे खेळाडूचे छायाचित्र कोठे, कोणत्या जाहिरातदारासाठी वापरायचे याचे करार डिझायनरला पाहावे लागतात. त्यात यांत्रिक बुद्धिमत्तेची चित्रे करणारी साधने आली. साचेबंद कामे ती चटकन करतात. म्हणून केवळ साधन चालविता येणे पुरेसे नाही. अक्षरांची जाण, रंगांची समज आणि काय सांगायचे याचा विचार ज्याच्याजवळ असेल तोच टिकेल.

आपल्या मुलांनी काय करावे?

आपल्याकडे महाविद्यालयीन खेळांभोवती असा व्यवसाय अजून उभा राहिलेला नाही. मात्र २००८ साली आयपीएल, २०१४ साली प्रो कबड्डी आणि २०२० साली खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा सुरू झाल्या, आणि क्रीडाविषयक डिझाइनची गरज येथेही निर्माण झाली. हीच विद्या वर्तमानपत्रे, प्रकाशनसंस्था, जाहिरातसंस्था आणि छापखाने यांनाही लागते. म्हणजे शिक्षण एक आणि वाटा अनेक.

शाळेत असतानाच एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा द्याव्यात. बारावीनंतर उपयोजित कलेची चार वर्षांची पदवी घेता येते. मुंबईचे सर ज. जी. उपयोजित कला महाविद्यालय, पुण्याचे अभिनव कला महाविद्यालय, नागपूरचे शासकीय चित्रकला महाविद्यालय अशा संस्था आपल्या राज्यात आहेत. अशा पदवी प्रवेशासाठी सामान्यतः राज्याच्या सीईटी कक्षामार्फत परीक्षा होते. आयआयटीसारख्या संस्थांतील डिझाइनच्या पदवीसाठी 'यूसीड' ही वेगळी परीक्षा आहे आणि तेथे केंद्राच्या नियमांप्रमाणे आरक्षण आहे, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते. शिकत असताना आपल्या महाविद्यालयाच्या कबड्डी, खो-खो संघांसाठी भित्तिचित्रे करावीत, मुलींच्या संघासाठीही तितक्याच मनापासून करावीत आणि त्यांतील दहा-बारा उत्तम कामांचा संग्रह तयार करावा. या व्यवसायात गुणपत्रिकेच्या बरोबरीने हा संग्रह पाहिला जातो.

परदेशाचा विचार असेल तर हिशेब नीट मांडावा. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, तसेच केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. दोन्ही पदव्युत्तर व पीएच.डी.साठी आहेत. म्हणून पहिली पदवी येथेच घेणे शहाणपणाचे. कोणत्या शाखेला किती जागा आहेत, ते त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहावे. अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर असताना सत्र चालू असेपर्यंत विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. क्रीडा विभागातील अनुभव तेथेच मिळू शकतो. मात्र शिक्षणानंतर तेथे कायम नोकरीचा व्हिसा मिळेलच, असे गृहीत धरून घर गहाण टाकू नये.

कर्जाबाबत माझ्या कामातील एक हिशेब सांगतो. समजा, २० लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने घेतले. शिक्षणाची दोन वर्षे आणि नंतरचे एक वर्ष हप्ता नाही, म्हणून घरचे निर्धास्त असतात. पण व्याज थांबत नाही. सरळव्याजानेही तीन वर्षांत ६ लाख चढतात. रक्कम हप्त्याहप्त्याने उचलली तर थोडे कमी. मग २६ लाखांची परतफेड दहा वर्षांत करायची तर महिन्याचा हप्ता सुमारे ३४ हजार पडतो. येथील नव्या डिझायनरला सुरुवातीच्या पगारातून हा हप्ता झेपणे कठीण. याउलट बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि शासकीय महाविद्यालयातील कलेचे शिक्षण पुष्कळदा मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती व अशा लहान कर्जात बसते. शिक्षण चालू असताना जमेल तेवढे व्याज भरत गेल्यास ओझे आणखी हलके होते.

पालकांना एवढीच विनंती की मुलाचा हात चित्रासाठी वळत असेल तर तो नाइलाजाने दुसरीकडे वळवू नये. आधी चौकशी करावी, हिशेब मांडावा आणि मग निर्णय घ्यावा. संस्थेच्या कार्यालयात दरवर्षी गुणवंतांचा सत्कार होतो. त्या यादीत डॉक्टर व इंजिनियर यांच्या शेजारी एखाद्या चित्रकाराचे, एखाद्या डिझायनर मुलीचे नाव यावे. आपली चिन्हे, आपले फलक, आपली पुस्तके आपल्याच शिकलेल्या मुलांच्या हातून देखणी व्हावीत. आपले चित्र आपण काढायला शिकलो, तर ते दुसऱ्याने कसे काढावे हे सांगण्याचा अधिकारही आपल्याकडे येईल.